फ्लॅटमध्ये अँटेनावर टीव्ही दिसत नाही? माझ्या पाच दिवसांच्या खटाटोपातून काय कळलं

अँटेना हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बऱ्याच जणांना काळा-पांढरा जमाना आठवतो. मलाही तसंच वाटायचं. जुलै २०२३ मध्ये मात्र लंडनमधल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी पाच दिवस एका अँटेनामागे धावत होतो. त्यात ज्या चुका केल्या आणि जे कळलं, ते आज सांगतो. शिकायला किंवा नोकरीला इंग्लंडमध्ये जाणार असाल तर थेट उपयोग होईल. नसाल तरी डिजिटल सिग्नल कसा वागतो हे कळेल, आणि तो तुमच्या फोनमध्येही बराचसा तसाच वागतो.

आधी परिस्थिती सांगतो. आम्ही हॅरो भागात नवीन फ्लॅट घेतला होता. आई-बाबा पुण्याहून आले होते. ब्रॉडबँडची तारीख मिळाली होती २४ जुलैची, आणि बाबांचं परतीचं तिकीट १८ तारखेचं. मधल्या रविवारी, म्हणजे १६ तारखेला, विम्बल्डनची फायनल. बाबा बोरिस बेकरच्या काळापासून विम्बल्डन बघतात. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. फोनच्या स्क्रीनवर त्यांना चेंडू दिसतच नाही. हॉटस्पॉट लावून टीव्हीवर चालवायचं म्हटलं, तर घरात मोबाइलची एक काडी येते आणि दर दोन मिनिटांनी ते गोल चक्र फिरायला लागतं.

घरमालकाचा टीव्ही हॉलमध्ये भिंतीवर टांगलेला होता. खाली अँटेनाचं सॉकेट, त्यात घातलेली पांढरी स्वच्छ केबल. इंग्लंडमध्ये ‘फ्रीव्ह्यू’ नावाची सेवा आहे. तिच्यावर बीबीसी, आयटीव्ही, चॅनल ४ वगैरे अँटेनावरून येतात, महिन्याचं पॅक लागत नाही. (टीव्ही लायसन्स मात्र लागतं. तेव्हा वर्षाला १५९ पौंड होतं. लाइव्ह चॅनल फोनवर बघितलं तरी लागतं, तेव्हा ‘मी टीव्ही वापरत नाही’ हे कारण चालत नाही.) म्हणजे सगळं तयार होतं. मी टीव्ही लावला आणि स्क्रीनवर आलं: सिग्नल नाही.

पहिली चूक: घाईघाईत रीट्यून

कुठल्याही मेनूत दिसणारं पहिलं बटण दाबायची आपल्याला सवय असते. मी ‘ऑटो ट्यून’ दाबलं. आधीच्या भाडेकरूने साठवलेली चॅनलची यादी होती, ती पुसली गेली आणि पाच मिनिटांनी टीव्हीने निकाल दिला: ० चॅनल.

हे लक्षात ठेवाच. रीट्यून म्हणजे टीव्ही सगळ्या फ्रिक्वेन्सी पुन्हा चाळतो आणि त्या क्षणी जे सापडेल त्याची नवी यादी करतो. सिग्नलच नसताना रीट्यून केलं की असलेलंही जातं. उन्हाळ्यात हवेचा दाब जास्त असला की दूरच्या मनोऱ्यांचे सिग्नल नको तितके लांब पोहोचतात आणि चित्र तुटायला लागतं. तेव्हाही रीट्यून करायचं नसतं, हवामान बदलायची वाट बघायची असते. आधी सिग्नल तपासा, रीट्यून शेवटी.

बाबा म्हणाले, “राहू दे रे, स्कोअर कळला तरी पुरे.” हे ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

मुंग्या का दिसत नाहीत?

बाबा तरुणपणी पुण्यात गच्चीवर चढून अँटेना सिंहगडाच्या दिशेला फिरवायचे, कारण प्रक्षेपण तिथल्या मनोऱ्यावरून यायचं. खालून आजी ओरडायची, “मुंग्या आहेत अजून!” थोडं फिरवलं की मुंग्या कमी, जास्त फिरवलं की माणसाच्या बाजूला त्याचीच सावली. म्हणजे सिग्नल किती वाईट आहे हे चित्रच सांगायचं. त्यांनी इथेही तेच विचारलं: “मुंग्या दिसतायत का?”

डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. मनोऱ्यावरून येतात ते आकडे, आणि त्यांच्यासोबत चुका दुरुस्त करायला थोडे जादा आकडे पाठवलेले असतात. बीबीसीच्या साध्या चॅनलसाठी दर तीन बिटांमागे एक बिट निव्वळ या दुरुस्तीसाठी खर्च होतो. त्यामुळे सिग्नल बराच खराब झाला तरी चित्र अगदी स्वच्छ राहतं. दुरुस्तीची ताकद संपली की एकदम चौकोन, मग आवाज खरखरतो, मग काळी स्क्रीन. ‘चांगलं’ आणि ‘काहीच नाही’ यांच्या मध्ये फार थोडी जागा असते, कड्याच्या टोकासारखी. त्यामुळे चित्र आत्ता स्वच्छ आहे म्हणजे सिग्नल भक्कम आहे असं धरून चालू नका. तुम्ही कड्यापासून दहा पावलं लांब आहात की अर्धं पाऊल, हे चित्राकडे बघून कळत नाही.

ते कळतं टीव्हीच्या मेनूतल्या सिग्नल माहितीत. तिथे दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे आवाज किती मोठा, क्वालिटी म्हणजे शब्द किती स्पष्ट. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना कोणी कानात ओरडलं तर आवाज मोठा असतो, पण कळत काहीच नाही. फोनला चार काड्या असूनही नेट न चालण्याचा अनुभव तुम्हाला आहेच. दोन्हीपैकी क्वालिटीला जास्त महत्त्व द्या.

माझ्या टीव्हीवर दोन्ही पट्ट्या शून्याला टेकलेल्या होत्या. इथेच मी थांबून विचार करायला हवा होता. इतक्या मोठ्या शहरात, छपरावर अँटेना असलेल्या बिल्डिंगमध्ये, अगदी शून्य? पण मी ठरवून टाकलं की छपरावरची अँटेना मेलेली असणार. मॅनेजिंग एजंटला ईमेल केला, ‘पाच ते दहा कामाचे दिवस’ असं उत्तर आलं, आणि मी घरात ठेवायची अँटेना घेऊन आलो.

आग्नेय दिशेचा शोध

लंडनचा मुख्य मनोरा शहराच्या दक्षिणेला क्रिस्टल पॅलेसला आहे. उंची २१९ मीटर, आणि मुख्य सहाही डिजिटल प्रक्षेपणं प्रत्येकी २०० किलोवॅट ताकदीने. हॅरोपासून सरळ रेषेत साधारण २५ किलोमीटर. फ्रीव्ह्यूच्या साइटवर पोस्टकोड टाकला की आपल्याला कुठला मनोरा लागतो आणि काय काय मिळायला हवं ते दिसतं. फोनच्या मॅपवर घर आणि मनोरा यांच्यामध्ये रेघ ओढा आणि मग कंपास ॲप उघडा. एक सूचना: कंपास टीव्हीपाशी किंवा फ्रीजपाशी धरू नका, लोखंड आणि चुंबकामुळे सुई भलतीकडे जाते. खोलीच्या मध्यावर उभं राहून दिशा बघा.

आमच्यासाठी ती दिशा निघाली आग्नेय. आई लगेच म्हणाली, “मग स्वयंपाकघर.” ती वास्तुशास्त्रातून बोलत होती, पण निघालं ते बरोबर! आमच्या हॉलच्या खिडक्या वायव्येला, म्हणजे मनोऱ्याकडे पाठ. आग्नेयेला उघडणारी एकमेव खिडकी स्वयंपाकघराची होती.

मी आणलेली अँटेना पापडासारखी चपटी होती. हॉलमध्ये तिने काहीच पकडलं नाही. मग टीव्हीच खाली उतरवून स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी नेला (बायकोची प्रतिक्रिया इथे देत नाही), अँटेना खिडकीच्या लाकडी चौकटीवर चिकटवली आणि ट्यून केलं. ३४ चॅनल आले!

खिडकीबद्दल थोडं सांगायला हवं. थंड देशातल्या नवीन काचांवर उष्णता अडवायला धातूचा अतिशय पातळ थर असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, रेडिओलहरींना मात्र चांगलाच अडवतो. घरात मोबाइलची काडी कमी येण्याचंही हे एक कारण. त्यामुळे ‘खिडकीत ठेवा’ हा सल्ला प्रत्येक घरात चालतोच असं नाही. कधी विटांची भिंत बरी असते.

बिल्डिंगच्या खोलीत दुसरीही गंमत होते. सिग्नल थेट येतो तसाच भिंतीवर, फ्रीजवर, समोरच्या इमारतीवर आपटूनही येतो. हे सगळे एकत्र भेटतात तेव्हा एखाद्या जागी एकमेकांना मारतात. आणि हे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळ्या जागी होतं. क्रिस्टल पॅलेसची मुख्य सहा प्रक्षेपणं यूएचएफच्या २२, २३, २५, २६, २८ आणि ३० या क्रमांकांवर आहेत, म्हणजे साधारण ४८२ ते ५४६ मेगाहर्ट्झ. एका क्रमांकावर चॅनलचा अख्खा गठ्ठा येतो, त्यामुळे चॅनल जातात तेही गठ्ठ्याने. बीबीसी वन साध्या दर्जात २३ वर, आणि पाच मोठ्या वाहिन्यांचं एचडी ३० वर. माझ्याकडे २३ ठीक होता, ३० पूर्ण गायब. अँटेना वीतभर डावीकडे सरकवली तर ३० आला आणि २५ गेला! या लहरींची लांबी जेमतेम ५५ ते ६२ सेंटिमीटर असते, म्हणून चार बोटं सरकवण्यानेही फरक पडतो. तेव्हा घरातली अँटेना लावताना फक्त दिशा फिरवत बसू नका, जागा बदला. वरखालीसुद्धा.

आणखी एक गोष्ट. काड्यांची अँटेना असेल तर मोठ्या मनोऱ्यांसाठी काड्या साधारण आडव्या ठेवतात. छोटे पूरक मनोरे बरेचदा उभ्या काड्यांचे असतात. शेजाऱ्यांच्या छपरांकडे बघितलं की उत्तर मिळतं. बहुतेक अँटेना कुठे तोंड करून आहेत आणि काड्या कशा आहेत ते बघायचं.

शुक्रवारी, सेमीफायनलला, बाबा स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. जोकोविच विरुद्ध सिनर, मग अल्काराज विरुद्ध मेदवेदेव. चित्र बरं होतं, पण अधूनमधून नेमकं सर्व्हिसच्या वेळी गोठायचं. तासाभराने आईच्या लक्षात आलं: फ्रीज ‘टक्’ करून चालू झाला की चित्र गोठतं. मोटर चालू-बंद होताना उडणाऱ्या ठिणगीसारख्या झटक्यातून रेडिओलहरी निघतात. घरातली अँटेना फ्रीजपासून दोन हातांवर असेल तर तो झटका तिला २५ किलोमीटरवरच्या मनोऱ्यापेक्षा जवळचा. थोडा वेळ फ्रीज बंद ठेवून पाहिला. दुधाने विरोध केला.

दुसरी चूक: बूस्टर

मग मी अनेक जण करतात तेच केलं. बूस्टर आणला. स्ट्रेंग्थची पट्टी ९५ वर गेली आणि चॅनल ३४ वरून ११ वर आले.

बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो. हरवलेले आकडे तो परत आणत नाही. लांब केबलमध्ये सिग्नल वाटेत झिजतो, तेव्हा अँटेनापाशी लावलेला बूस्टर उपयोगी असतो. पण जिथे सिग्नल मुळात जोरात आहे आणि फक्त गढूळ आहे, तिथे बूस्टर टीव्हीच्या ट्यूनरचे कान बधिर करतो. त्यात माझा बूस्टर स्वस्तातला, टीव्हीबरोबर मोबाइलचे सिग्नलही ओढून घेणारा. इंग्लंडमध्ये टीव्हीची हद्द आता ६९४ मेगाहर्ट्झला संपते. त्याच्या वर लगेच ७०० च्या पट्ट्यात ५जी आणि ८०० च्या पट्ट्यात ४जी आहे. पूर्वी ही जागा टीव्हीचीच होती. जुने किंवा साधे बूस्टर तो सगळा भाग वाढवत बसतात. जवळ मोबाइलचा टॉवर असेल तर मधे फिल्टर लावावा लागतो.

आणि हो, तुमचा फोनही त्याच पट्ट्यांमधून टॉवरशी बोलतो. काडी कमी असली की तो जास्त जोरात बोलतो. मी अँटेनाच्या शेजारी फोन ठेवून कंपास बघत होतो, हा शहाणपणा वेगळाच. अँटेना लावताना फोन हातभर लांब ठेवा. टीव्हीच्या मागे लटकणारी स्ट्रीमिंग स्टिक आणि हलकी एचडीएमआय केबलसुद्धा कधीकधी त्रास देते. एकदा काढून बघायला काय हरकत आहे?

खालच्या मजल्यावरच्या आजी

शनिवारी दुपारी बाबा कंटाळून जिन्यात फिरायला गेले आणि खालच्या मजल्यावरच्या आजींशी गप्पा मारून आले. आले ते सांगत, “अरे, त्यांच्याकडे टेनिस चालू आहे. महिलांची फायनल. काचेसारखं चित्र.”

“त्यांच्याकडे ब्रॉडबँड असेल.”

“नाही. भिंतीतली वायर आहे. आपल्यासारखीच.”

पाच दिवसांत मी हा एक प्रश्न कोणालाच विचारला नव्हता! फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये छपरावर एक सामायिक अँटेना असते, तिच्यापाशी एक ॲम्प्लिफायर, आणि तिथून प्रत्येक घरात केबल उतरते. सगळ्यांचं बंद असेल तर दोष वर आहे, आणि तो एजंटचा विषय. शेजाऱ्यांचं चालू असेल तर दोष तुमच्या घराच्या वाटेवर किंवा तुमच्या घरात आहे. दार वाजवायला पाच मिनिटं लागतात. मी मात्र दोन वस्तू विकत घेतल्या.

सॉकेट पुन्हा पाहिलं. काही बिल्डिंगमध्ये एकाच पट्टीवर टीव्ही, रेडिओ आणि सॅटेलाइट अशी तीन भोकं असतात आणि चुकीच्या भोकात पिन असते. आमच्याकडे एकच होतं. मग राहिली ती पांढरी केबल. ती आधीच्या भाडेकरूची, दिसायला नवी कोरी, म्हणून तिच्यावर संशयच घेतला नव्हता. पापडी अँटेनाची स्वतःची केबल होती, त्यामुळे ती चालली. दोन्ही प्रयोगांत बदललेली वस्तू हीच होती, आणि ते मला दिसलं नाही.

खाली जाऊन आजींना दोन मिनिटांसाठी त्यांची केबल मागितली. त्यांनी कपाटातून एक जादाची काढून दिली. टीव्ही परत हॉलमध्ये नेला, केबल लावली, सिग्नल माहिती उघडली. २३ वर स्ट्रेंग्थ ७१, क्वालिटी १००. ३० वर क्वालिटी १००. सहाही गठ्ठे शंभर. आता रीट्यून केलं, आणि अर्धवट ‘नवीन चॅनल जोडा’ न करता आधीची यादी पुसून पूर्ण केलं, नाहीतर स्वयंपाकघरातल्या कच्च्या सिग्नलवरच्या नोंदी तशाच राहतात. दुसऱ्या मनोऱ्याचेही चॅनल सापडले तर टीव्ही ते ८०० च्या पुढच्या क्रमांकांवर टाकतो. तुमचं बीबीसी वन तिकडे गेलेलं दिसलं तर ट्यूनिंगमध्ये भलता मनोरा पुढे आलाय असं समजा.

१०१ दाबलं. बीबीसी वन एचडी. वोंद्रुशोव्हा ट्रॉफी घेत होती, विम्बल्डन जिंकणारी पहिली बिनमानांकित महिला. बाबांनी सामना हुकल्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

नंतर जुन्या केबलची पिन उघडली. फोनचा टॉर्च लावून कॅमेऱ्याने झूम केलं. या केबलमध्ये मधोमध तांब्याची एक तार असते, तिच्याभोवती प्लास्टिक, आणि त्यावर बारीक तारांची जाळी. त्या जाळीचा केसाएवढा एक धागा आत वळून मधल्या तारेला टेकला होता. झालं, शॉर्ट. अख्ख्या मनोऱ्याची ताकद त्या केसाने गिळली होती. या पिनांमध्ये हे नेहमीचं आहे. कधी धागा टेकलेला असतो, कधी मधली तार आखूड पडून पिनेपर्यंत पोहोचतच नाही. इथे विजेचा झटका बसत नाही, त्यामुळे केबलची पिन उघडून बघायला घाबरू नका. भिंतीतलं सॉकेट मात्र भाड्याच्या घरात स्वतः उघडू नका. तिथे दोष वाटला तर एजंटला लिहा, आणि ‘टीव्ही चालत नाही’ एवढंच न लिहिता लिहा: दुसरी केबल लावून पाहिली, शेजारच्या घरी चालू आहे, अमुक क्रमांकावर क्वालिटी इतकी. सोबत पट्ट्यांचा फोटो. असा ईमेल पुढे सरकतो.

भारतात ही वेळ तुमच्यावर येण्याची शक्यता कमी, कारण आपल्याकडे घरोघरी डिश किंवा केबल आहे. तरी दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत अशीच डिजिटल सेवा सुरू केली होती, डोंगल लावून फोनवर बघता येणारी. तंत्र डीव्हीबी-टी२, म्हणजे लंडनमधलं एचडी ज्यावर येतं तेच.

रविवारी आई केबलबरोबर डबाभर चिवडा घेऊन खाली गेली, कारण सकाळीच मी तीन पौंडांची नवी केबल आणली होती. दुपारी फायनल सुरू झाली आणि ४ तास ४२ मिनिटं चालली. चौथ्या सेटमध्ये क्षणभर चित्रावर चौकोन आले. बाबा सवयीने उठले, टीव्हीपाशी गेले आणि केबलला हात घालत आमच्याकडे वळून म्हणाले, “आलं का?”

“आलं, बाबा. हात लावू नका!”